लाल ठिपक्याचं दुसरं दार

‘खेळता खेळता’ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सुपर मारिओ वर्ल्डच्या नकाशावरच्या ठिपक्यांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा पाऊस पडला. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की १९९० सालच्या या गेममध्ये पिवळा ठिपका म्हणजे त्या लेव्हलमधून बाहेर पडायचं एकच दार आणि लाल ठिपका म्हणजे दोन दारं. दुसरं दार बहुतेकदा किल्ली आणि कुलपाच्या भोकाचं असतं. सगळी दारं मिळून ९६. आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. काहींनी पानंच्या पानं लिहिलीत, त्यांना कात्री लावावी लागली, राग मानू नये.

प्रश्न : माझा आकडा तीन महिने ९५ वर अडकलाय. प्रत्येक लाल ठिपक्याची किल्ली शोधली, चारही स्विच पॅलेस (बटणांचे महाल) दाबले, भुतांची घरं पिंजून काढली. शेवटचं एक दार कुठे दडलंय?

उत्तर : सगळ्या किल्ल्या सापडल्या म्हणताय, मग माझा किल्लीवर संशयच नाही. तुम्ही साधं दार विसरला असणार.

हसू नका, हे माझ्याच बाबतीत घडलेलं आहे. मी आणि दादा एका चौकटीच्या वहीत प्रत्येक लेव्हलचा नकाशा काढायचो. पेन्सिल त्याच्याकडे, कंट्रोलर माझ्याकडे. ९५ झाल्यावर आम्ही अख्खी उन्हाळ्याची सुट्टी त्या एका चोरवाटेमागे घालवली. भिंतींना धडका मारल्या, दिसेल त्या खड्ड्यात मुद्दाम उड्या घेतल्या. शेवटी दार सापडलं ते स्टार वर्ल्ड या गुप्त दुनियेतल्या दुसऱ्या लेव्हलमध्ये, म्हणजे स्टार वर्ल्ड २ मध्ये. ही लेव्हल पाण्याखालची. शेवटाकडे बाहेर जायचा पाइप आहे आणि त्याच्या खालून पोहत पलीकडे गेलं की किल्ली. ही युक्ती आम्हाला पहिल्याच दिवशी कळली होती आणि त्याचा इतका तोरा होता, की त्या पाइपात आम्ही कधी शिरलोच नव्हतो. दरवेळी त्याच्या खालून सटकायचो. राहिलेलं दार म्हणजे तो पाइप! दादाने वहीत त्या पानावर नुसती एक रेघ मारली आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जणू चूक माझ्या एकटीची.

स्टार वर्ल्डच्या पाचही लेव्हलना साधा शेवट आणि किल्ली अशी दोन दारं आहेत. हुशार खेळाडू किल्ल्या घेऊन पुढे पळतात आणि साधे शेवट मागे राहतात. म्हणून आधी तिथे बघा.

तिथे नाही सापडलं तर अडचण अशी, की दोन्ही दारं सापडली तरी लाल ठिपका लालच राहतो. गेम तुम्हाला हिशोब देत नाही, फाइल निवडायच्या पडद्यावर एकूण आकडा तेवढा दाखवतो. त्यामुळे एकेक संशयित लेव्हल घ्यायची, दोन्ही दारांनी बाहेर पडायचं, मग एखादं भुताचं घर पुन्हा पार करून सेव्ह करायचं आणि आकडा हलला का बघायचं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

हमखास निसटणारी आणखी दोन सांगते. चीझ ब्रिज एरियामध्ये किल्लीबिल्ली काही नाही. तिथे शेवटाच्या फाटकाच्या खालून पलीकडे गेलात, तर पुढे दुसरं फाटक आहे. केप, म्हणजे उडता येणारा झगा, असेल तर खालून झोका घेऊन वर यायचं. नसेल तर योशीच्या, म्हणजे मारिओच्या डायनासोरच्या, पाठीवरून ऐन वेळी उडी मारायची, तुम्ही पलीकडे आणि तो बिचारा दरीत. मला आजही ते करताना वाईट वाटतं. दुसरी चॉकलेट आयलंड २. तिथे किती नाणी घेतलीत आणि किती वेळ उरलाय यावर पुढचा भाग बदलतो. रेंगाळत गेलात तर किल्लीचा भाग तुमच्यासमोर येतच नाही. अशा लेव्हलमध्ये कितीही भिंती ठोकल्या तरी उपयोग शून्य, कारण ज्या खोलीत तुम्ही शोधताय ती खोलीच वेगळी असते.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत की सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ४-२ ला (चौथ्या दुनियेतली दुसरी लेव्हल) एक वॉर्प झोन, म्हणजे थेट पुढच्या दुनियांत नेणाऱ्या पाइपांची जागा, आहे. साफ चूक. दोन आहेत. लिहिण्याआधी खेळून बघत जा.

उत्तर : कबूल. एक वेलीवरचा : अदृश्य ठोकळे डोक्याने उघडे करून वर चढायचं, विटेतून वेल काढायची, वेलीवरून जमिनीवर आलं की पुढे ८, ७ आणि ६ चे पाइप. दुसरा नेहमीच्या बाहेर जायच्या पाइपाला वरून ओलांडून गेल्यावर, तिथे ५ चा एकच पाइप. जो वेलीवरून ८ ला जाऊ शकतो तो ५ कशाला घेईल, म्हणून हा दुसरा माझ्या डोक्यातून गेला. पण तुम्ही ही चूक काढलीत ते फार बरं झालं, कारण या बिनकामाच्या ५ मुळेच पुढच्या पत्राचं उत्तर देता येतं.

प्रश्न : मी अकरा वर्षांचा आहे. माझा मामा म्हणतो की मारिओमध्ये ‘उणे एक’ नावाची दुनिया आहे आणि तो तिथे जाऊन आलाय. तो नेहमी थापा मारतो. हे खरं आहे का? तिथे शेवटी काय आहे?

उत्तर : या वेळी मामाचं म्हणणं खरं आहे. बाकीच्या थापांचं तू बघून घे.

आधी १-२ चा नेहमीचा वॉर्प झोन नीट समजून घे. भुयाराच्या शेवटी वरखाली जाणारे लिफ्टसारखे पट्टे आहेत ना? त्यातला वर जाणारा तुला गरजेपेक्षा जास्त उंच नेतो, पार छतापर्यंत. तिथून उडी मारून छतावर चढायचं आणि आकडे लिहिलेल्या पट्टीच्या शेजारून पळत सुटायचं. बाहेर जायचा पाइप खाली मागे पडतो आणि पुढे ४, ३, २ असे तीन पाइप येतात. ही बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेली वाट आहे.

‘उणे एक’ मात्र कोणी मुद्दाम ठेवलेलं नाही, तो गेममधला घोटाळा आहे. बाहेर जायच्या पाइपाच्या कडेवर उभं राहून, बसून मागच्या बाजूला एक नेमकी उडी मारली की मारिओचा पाय भिंतीच्या कोपऱ्यात रुततो. मारिओ भिंतीत अडकला असं गेमला वाटलं की तो त्याला बाहेर ढकलतो, आणि तो ढकलला जातो उजवीकडे. मग मारिओ दगडातून सरकत सरकत पलीकडच्या वॉर्प झोनमध्ये पोचतो. छतावरून आलास तर पडदा सरकत योग्य जागी येतो आणि मगच गेम पाइपांवर ४, ३, २ हे आकडे टाकतो. भिंतीतून आलास तर तो क्षण अजून यायचा असतो. तोवर गेमकडे पाइपांसाठी जी यादी असते ती ४-२ च्या त्या एकट्या पाइपाची : मधे ५ आणि दोन्ही बाजूंना रिकामी जागा.

आता गंमत बघ. या गेममध्ये पडद्यावरच्या प्रत्येक अक्षराला आणि आकड्याला एक क्रमांक आहे, आणि ‘काहीच नाही’ या रिकाम्या चौकोनाचा क्रमांक आहे ३६. तू डावीकडच्या पाइपात शिरलास की गेम विचारतो, कोणती दुनिया? यादी सांगते, ३६. गेम निमूटपणे तुला ३६ व्या दुनियेत पाठवतो. वर नाव लिहिताना दुनियेच्या जागी ३६ क्रमांकाचं चित्र काढतो, म्हणजे कोरं. उरतं काय, तर नुसतं ‘-१’. म्हणजे ते उणे एक नाहीच, ते ‘छत्तीस-एक’ आहे आणि छत्तीस आपल्याला दिसत नाही. मधल्या पाइपात शिरलास तर सरळ ५ व्या दुनियेत जाशील.

तिथे शेवटी काय आहे? पाणी. २-२ आणि ७-२ मध्ये जी पाण्याखालची लेव्हल आहे, तिचाच नकाशा. शेवटच्या पाइपात शिरलं की पुन्हा सुरुवातीला. घड्याळ संपेपर्यंत पोहत राहायचं आणि मरायचं. जपानमध्ये डिस्कवर निघालेल्या आवृत्तीत मात्र त्या जागी वेगळ्या लेव्हल येतात आणि त्या संपतातही. मामा कुठल्या आवृत्तीत गेला होता ते विचार. ‘मी ती पार केली’ असं कार्ट्रिजबद्दल म्हणाला, तर तिथे थाप पकडलीस म्हणून समज.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी सुपर मारिओ ब्रदर्स ३ खेळते. शाळेत कोणीतरी सांगितलं की त्यात शिट्ट्या लपवल्या आहेत, तेव्हापासून ती पुढे जातच नाही, प्रत्येक भिंतीवर उड्या मारत बसते. मला उत्तर माहीत आहे. सांगून टाकू का?

उत्तर : सगळं नको. थोडं थोडं सांगा.

फुंकली की थेट पुढच्या दुनियांकडे नेणाऱ्या या शिट्ट्या तीन आहेत आणि त्यातल्या दोन पहिल्याच दुनियेत. १-३ मधली अशी : शेवटाकडे एक पांढरा ठोकळा आहे, त्यावर खाली बटण दाबून पाचेक सेकंद बसून राहायचं. मारिओ ठोकळ्यातून खाली पडतो आणि देखाव्याच्या मागे जातो, रंगमंचावरच्या पडद्यामागे जावं तसा. तसाच झुडपांमागून धावत शेवटाच्या काळ्या भागामागे गेलात की टोड या मारिओच्या मित्राचं घर आणि पेटीत शिट्टी. दुसरी पहिल्या किल्ल्यात : शेपटीचा वेष असताना लांब धाव घेऊन उडायचं, छताच्या वर जायचं, उजवीकडे आत आत जायचं आणि पुढे वाट संपते तिथे वरचं बटण दाबायचं. दार दिसत नाही, पण आहे. तिसरी दुसऱ्या दुनियेच्या नकाशावर, हातोड्याने खडक फोडून उघडणाऱ्या कोपऱ्यात.

माझं मत विचाराल तर किल्ल्यातली शिट्टी न्यायाने लपवलेली आहे. तिथे छत पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत भिडलेलं नाही, आणि उडता येणाऱ्या मुलाला ती फट खुणावतेच. पांढऱ्या ठोकळ्याची मात्र चीड येते. पाच सेकंद बसून राहा हे कुठलं मूल आपणहून करणार? त्याची खूण लेव्हलमध्ये कुठेच नाही. ती युक्ती मुलांमध्ये एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळेच पसरली. तुमच्या मुलीलाही शाळेतूनच कळलं, यात सगळं आलं.

म्हणून पहिल्या दिवशी सांगा, ‘किल्ल्यात बघ.’ दोन दिवसांनी, ‘वर बघ.’ एवढ्यावर ती काढेल. पांढऱ्या ठोकळ्याचं सरळ करून दाखवा, त्यात शोधायला काही नाहीच. पण पडद्यामागून धावतानाचा तिचा चेहरा बघायला विसरू नका. आणि एक, शिट्टी मिळाली की लगेच फुंकू देऊ नका. सरळ आठव्या दुनियेत गेलेलं मूल दहा मिनिटांत रडत परत येतं. मी आले होते.

प्रश्न : मी कॉलेजमध्ये आहे, स्वतःचा एक छोटा प्लॅटफॉर्म गेम (मारिओसारखा, उड्या मारत पुढे जायचा) बनवतोय. आठ लेव्हल आहेत, प्रत्येकीत एक गुप्त खोली ठेवली आहे. मित्रांना खेळायला दिला, एकालाही एकही सापडली नाही. मला आधी आनंद झाला, मग वाटलं काहीतरी चुकतंय. नेमकं काय?

उत्तर : आनंद झाला ही पहिली चूक. लपवणं फार सोपं असतं हो. खोली चार भिंतींत बंद करा, दाराचं चित्र काढू नका, झालं. कोणाला सापडणार? अवघड काम आहे ते सापडवण्याचं, तेही असं की खेळाडूला वाटावं, मीच काढली.

वर १-२ च्या लिफ्टचं लिहिलं आहे ते पुन्हा वाचा. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तिथे बाण काढला नाही, पाटी लावली नाही. पट्टा गरजेपेक्षा उंच नेला, बस. खेळाडूच्या मनात येतं, हा इतका वर का जातोय? तुमच्या आठही खोल्यांजवळ असं एक ‘का?’ ठेवता येतं का बघा. डाँकी काँग कंट्रीमध्ये (१९९४) खड्ड्याच्या वर अधांतरी एकच केळं लटकत असतं. तिथे केळ्याचं काय काम? म्हणजे खाली काहीतरी आहे. तुम्ही जीव मुठीत धरून उडी टाकता आणि पिंपात पडता. तोच गेम आणखी एक सौजन्य दाखवतो : लेव्हलमधल्या सगळ्या गुप्त खोल्या सापडल्या की नकाशावर तिच्या नावापुढे उद्गारचिन्ह येतं. वर ज्यांचे ९५ वर तीन महिने गेलेत, त्यांना विचारा त्या एका चिन्हाची किंमत.

दुसरं, चोरवाटेने कुठे जायला मिळतं हे ठरवलंय का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. नुसती नाण्यांची खोली असेल तर एकदा बघून खेळाडू पुन्हा वळणार नाही. १९८२ च्या पिटफॉलमध्ये जमिनीखाली भुयार आहे आणि भुयारातला एक पडदा म्हणजे वरचे तीन पडदे. वर जंगलाचे २५५ पडदे, हातात २० मिनिटं, गोळा करायचे ३२ खजिने. भुयाराशिवाय ते होण्यासारखं नाही. पण भुयारात विंचू आहेत, आणि चुकीच्या ठिकाणी उतरलात तर पुढे विटांची भिंत, मग आलात तसे मागे. डेव्हिड क्रेनने ते भुयार लपवलेलंही नाही, शिडी डोळ्यांसमोर आहे. लपलंय ते त्याचं गणित. ही कल्पना मला खोल्यांपेक्षा कितीतरी आवडते.

तिसरं उदाहरण माझ्या लाडक्या प्रिन्स ऑफ पर्शियाचं (१९८९). त्यात एका लेव्हलमध्ये तुम्ही आरशातून उडी मारता आणि तुमची सावली वेगळी होऊन पळते. दुसऱ्या पात्राचं चित्र ठेवायला मेमरी नव्हती, म्हणून जॉर्डन मेकनरने राजपुत्राचंच चित्र वापरून ही सावली केली. पुढे बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर येते. तुम्ही मारलेला प्रत्येक घाव तुम्हालाच लागतो. दोन-चारदा मेल्यावर डोक्यात प्रकाश पडतो आणि तुम्ही तलवार म्यान करता. तीही करते. दोघं एकमेकांत मिसळता. त्यानंतर डावीकडे दरी आहे, आधी जिथे पाऊल टाकलं की मरण ठरलेलं. आता तिच्यावर धावत सुटलात की पायाखाली एकेक फरशी उमटत जाते. कुठेही लिहिलेलं नाही. घड्याळात ६० मिनिटांतली थोडीच उरलेली आणि तुम्ही हवेत धावताय.

आम्ही तिथे आठवडाभर अडकलो होतो. सावली मिटवली, पुढे वाट नाही. दादा म्हणाला, गेम बिघडलाय. मी वैतागून, मरायचंच म्हणून, दरीत पळाले. पहिली फरशी उमटली तेव्हा मी इतकी दचकले की बोट बटणावरून सुटलं. राजपुत्र थांबला, हवेत, एका फरशीवर उभा. दादाच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

हे पूर्णपणे लपलेलं आहे, मग मी पांढऱ्या ठोकळ्यावर चिडते आणि याला का डोक्यावर घेते? कारण इथे सावलीने आधी शिकवलेलं असतं, की आत्तापर्यंत करत आलात त्याच्या उलटं करा. दरी हा त्याच धड्याचा पुढचा भाग. तुमच्या सातव्या-आठव्या लेव्हलची खोली खुशाल खोल लपवा, पण तिची युक्ती दुसऱ्या लेव्हलमध्ये सोप्या रूपात दिसलेली असू द्या. आणि मित्रांना पुन्हा खेळायला द्याल तेव्हा शेजारी गप्प बसा. ते कुठे थबकतात, कुठे वर बघतात, ते लिहून घ्या. तिथे खोली नसेल तर खोली तिथे हलवा!

प्रश्न : कॅसलव्हेनिया : सिंफनी ऑफ द नाइटमध्ये माझ्या मित्राचा नकाशा २००.६ टक्के दाखवतो. माझा गेम १०० च्या आतच संपला, शेवटही झाला. त्याचा कन्सोल खराब आहे की माझा?

उत्तर : दोन्ही ठणठणीत. तुम्ही अर्धा गेम खेळून कार्ट्रिज, माफ करा, डिस्क कपाटात ठेवली आहे. शेवटच्या वैऱ्याशी, रिश्टरशी, लढाल तेव्हा होली ग्लासेस नावाचा चष्मा घालून लढा. त्याच्याभोवती फिरणारा हिरवा गोळा दिसेल, घाव त्या गोळ्यावर घाला, माणसावर नको. मग आकाशात उलटा टांगलेला अख्खा वाडा उघडतो. चष्मा कुठे मिळतो? सोन्याची आणि चांदीची अंगठी दोन्ही घालून घड्याळाच्या खोलीत जा. याहून जास्त सांगत नाही.

प्रश्न : सॉनिक २ मध्ये साउंड टेस्टला, म्हणजे गेममधले आवाज ऐकायच्या पर्यायात, १९, ६५, ०९, १७ हे आवाज वाजवले की लेव्हल निवडता येते. हेच आकडे का?

उत्तर : प्रोग्रामर युजी नाका यांची जन्मतारीख : १९६५, ०९, १७. चारही वाजवून झाल्यावर कडी (रिंग) मिळाल्याचा आवाज येतो, मग टायटलच्या पडद्यावर ए बटण धरून स्टार्ट. ही चोरवाट नव्हे, घरच्या माणसांनी स्वतःसाठी ठेवलेली मागची किल्ली आहे.

प्रश्न : कमांडर कीन ४ मधले ते किडे काय कामाचे? चावत नाहीत, मरत नाहीत, नुसते मागे मागे येतात.

उत्तर : म्हणूनच त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पिरॅमिड ऑफ द मून्स या लेव्हलमध्ये असे बारा आहेत. मागे मागे येतात ना, मग येऊ द्या. बाराही जण एका जागी जमेपर्यंत धीर धरा. ते मिळून एक अवाढव्य पाऊल होतात. हो, पाऊल, माणसाच्या पायासारखं. त्याला शिवलात की नकाशावर एरवी पोचता न येणाऱ्या पिरॅमिड ऑफ द फॉरबिडन या गुप्त लेव्हलपाशी. आत जाण्यापूर्वी सेव्ह करा, कारण मी केलं नव्हतं.